विमान गाठण्याची रंगीत तालीम

पुण्याहून जळगावला विमानानं जायला किती वेळ लागतो, असा प्रश्न कुणीही विचारावा, उत्तर मिळावं आणि माणसानं गप्प बसावं. श्यामसुंदर खांबेटे यांना या प्रश्नाची तीन उत्तरं मिळाली आणि तिथून सगळं बिनसलं.

इंटरनेटवर एके ठिकाणी हवाई अंतर तीनशे एकोणीस किलोमीटर आणि वेळ चाळीस मिनिटं, असं लिहिलं होतं. दुसऱ्या ठिकाणी अंतर तीनशे अडतीस आणि वेळ एक तास चार मिनिटं. हातातल्या तिकिटावर अंतराचा पत्ताच नव्हता, वेळ मात्र एक तास दहा मिनिटं होती.

"काय गं, आकाशात वळणं असतात का?" श्यामसुंदररावांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं.

हेमा मेथी निवडत होती. बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला न वैतागता उत्तर द्यायची कला साधली होती. "असतील," ती म्हणाली. "ढगात खड्डे पडले असतील, ते चुकवत जात असेल."

हा विनोद आहे हे श्यामसुंदररावांना कळलं, पण वेळेच्या बाबतीत विनोद त्यांना चालत नसे. चौतीस वर्षं त्यांनी पिंपरीच्या एका कारखान्यात 'टाइम स्टडी' खात्यात काढली होती. म्हणजे काय, तर कामगाराच्या शेजारी उभं राहायचं, पाटीला चिमट्यात लावलेलं स्टॉपवॉच सुरू करायचं, आणि एक नट आवळायला त्याला किती सेकंद लागतात ते लिहायचं. असं दहा वेळा मोजायचं, सरासरी काढायची, त्यात थकव्याचा आणि पाणी पिण्याचा भत्ता मिळवायचा, की त्या कामाची 'प्रमाणवेळ' तयार. श्यामसुंदरराव दिसले की कामगारांचे हात चालू होत आणि तोंडं बंद होत. निवृत्त झाल्यावर मोजायला कामगार उरले नाहीत, म्हणून ते घर मोजू लागले. कुकरला तिसरी शिट्टी यायला किती वेळ लागतो, लिफ्ट तळमजल्यावरून पाचव्या मजल्यावर कधी येते, दूधवाला बेल वाजवल्यावर किती सेकंद थांबतो, या सगळ्याच्या प्रमाणवेळा त्यांच्या वहीत होत्या. वही कुणी वाचत नसे, हा भाग वेगळा.

आता अशा माणसाला विमान गाठायचं होतं. आणि गाठायलाच हवं होतं.

त्याचं असं की, जळगावला त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, सुहासिनीताईंच्या धाकट्या लेकीचं, अवनीचं लग्न होतं. आता लग्नात मुलीच्या मामाला काम किती? एकच. अंतरपाट धरला की गुरुजी माइकवर सांगतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मग मामानं तिला हाताला धरून आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं. एवढंच काम, पण ते मामाचंच. आणि चौदा वर्षांपूर्वी थोरल्या भाचीच्या, श्रद्धाच्या लग्नात श्यामसुंदररावांचं तेच काम हुकलं होतं. मिनिटामिनिटाचा हिशेब करून ते मोटारीनं निघाले आणि वाटेत उसाचा ट्रक आडवा झालेला. पोचले तेव्हा दुसरी पंगत बसली होती. मामा म्हणून ताईंच्या शेजारचे चष्मेवाले उभे राहिले होते. ताई त्या दिवशी एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं श्यामसुंदररावांना पुढं कित्येकदा वाटलं.

आणि आता फोनवर त्या म्हणाल्या होत्या, "रविवारी बारा एकतीसचा मुहूर्त आहे. बघ बाबा, जमलं तर ये."

जमलं तर! हे माणूस भिशीतल्या बायकांना सांगतो, सख्ख्या भावाला नाही. श्यामसुंदरराव त्या रात्री ताटावरून अर्धं जेवून उठले.

रस्त्यानं एकदा दगा दिला होता, तेव्हा रस्ता बाद. मुलगा पुष्कर हिंजवडीला आयटीत होता. त्यानं निवृत्तीची भेट म्हणून विमानाचं तिकीट काढून दिलं, रविवारी सकाळी नऊ दहाचं. "बाबा, यू डिझर्व्ह इट," असं वर म्हणाला. हेमा गुरुवारी आगगाडीनं पुढं जाणार होती. "तुम्हीही चला की माझ्याबरोबर. तीन दिवस आधी पोचाल," ती सरळ मनानं म्हणाली.

"तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत," श्यामसुंदरराव म्हणाले. पुण्यात या वाक्यानंतर वाद पुढं चालत नाही.

विमान आकाशात किती वेळ घेतं ते त्यांच्या हातात नव्हतं. पण वारज्याहून लोहगावच्या विमानतळापर्यंतचा जमिनीवरचा वेळ त्यांच्या हातात होता. आणि दहा निरीक्षणांशिवाय प्रमाणवेळ निघत नाही. लग्नाला पंधरा दिवस होते. श्यामसुंदररावांनी वहीत नवीन पान उघडलं, समास आखला आणि लिहिलं: 'वारजे ते विमानतळ. रंगीत तालीम. एकूण दहा.'

ही बातमी सोसायटीत पसरायला किती वेळ लागला, तेवढंच त्यांनी मोजलं नाही. संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर सभाच भरली. तिसऱ्या मजल्यावरचा विश्वजीत म्हणाला, "काका, मोबाइलवर लाइव्ह ट्रॅफिक दिसतं ना. एवढी एफर्ट कशाला?" श्यामसुंदरराव म्हणाले, "मोबाइल आत्ताचं सांगतो. मला रविवारचं हवंय." यावर विश्वजीतकडे उत्तर नव्हतं, पण त्यानं ते इंग्रजीत दिलं. आगाशे आजोबांचं मत पडलं की विद्यापीठावरून खडकी, मग होळकर पूल आणि विश्रांतवाडी. त्या पुलावरून ते एकोणीसशे बहात्तर साली सायकलनं गेले होते आणि तेव्हा अजिबात गर्दी नव्हती. पहिल्या मजल्यावरच्या वेणूबाईंना स्वारगेटवरून थेट बस मिळते असं पक्कं आठवत होतं, फक्त कुठली ते आठवत नव्हतं.

शेवटी संपतराव बोलले. ज्या जमिनीवर ही सोसायटी उभी होती ती संपतरावांच्या वडिलांची. तीन फ्लॅट आणि एक भलीमोठी पांढरी गाडी घेऊन ते तिथंच राहत होते, आणि इथला प्रत्येक माणूस आपल्या वावरात पाहुणा म्हणून आलाय, असा त्यांचा मायेचा समज होता.

"येरवड्यावरनं जाऊ नगा," ते म्हणाले. "आमच्या वळखीतला एक जन येरवड्याला गेला, त्यो सात वर्सांनी आला."

पहिली तालीम पुष्करच्या गाडीनं झाली. सकाळी सहाला निघून, कर्वे रस्ता, संगम पूल, आणि संपतरावांचा सल्ला झुगारून येरवडाच. बावन्न मिनिटं. पुष्कर जांभया देत होता आणि दर सिग्नलला 'बाबा, सीरियसली?' असं म्हणत होता. ते सात वेळा म्हणाला, हीही नोंद झाली. दुसरी तालीम रिक्षानं. रिक्षावाला वाटेत गॅस भरायला रांगेत लागला आणि एक तास आठ मिनिटं झाली. तिसरी बसनं, स्वारगेटला बदलून, एक तास पंचावन्न मिनिटं. या नोंदीपुढं त्यांनी 'केवळ देशात आणीबाणी लागल्यास' असा शेरा मारला.

तालीम म्हणजे नुसतं जाणं नव्हे. प्रवासाच्या दिवशी हातात सात किलोची बॅग असणार, तर तालमीतही सात किलोचीच हवी. खरे कपडे चुरगळले असते. म्हणून श्यामसुंदररावांनी बॅगेत रद्दी भरली, आणि वजन कमी पडलं म्हणून वर हेमाचा वरवंटा ठेवला. शिवाय विमानतळाच्या दारापर्यंत पोचून उपयोग काय? दारातल्या रांगेत किती वेळ जातो, हा अभ्यासाचा खरा गाभा होता. म्हणून रोज तिथं पोचल्यावर ते खांबाला टेकून उभे राहत, चिमट्याची पाटी पोटावर धरत, आणि दारातला जवान एकेका प्रवाशाचं ओळखपत्र तपासायला किती सेकंद लावतो ते टिपून घेत. पहिल्या दिवशी वीस प्रवासी, दुसऱ्या दिवशी चाळीस, तिसऱ्या दिवशी साठ.

चौथ्या दिवशी संपतराव हट्टानं सोडायला आले. त्यांच्या गाडीनं एक तास चाळीस मिनिटं लागली, कारण वाटेत त्यांनी एकाला हळदीचं आमंत्रण दिलं, एका देवळाला हात जोडले आणि विश्रांतवाडीला मेव्हण्याच्या प्लॉटचं कुंपण बघितलं. ते गाडी लावायला गेले. श्यामसुंदरराव नेहमीच्या खांबाला टेकले. अकराव्या प्रवाशापाशी त्यांच्या खांद्यावर एका जवानाचा हात पडला.

"अंकल, चार दिन से देख रहे हैं। आप जाते क्यों नहीं?"

"रविवार को जाऊँगा," श्यामसुंदररावांनी खरं ते सांगितलं. खरं सांगितल्यावर माणूस सुटतो, असा त्यांचा तोपर्यंत समज होता.

पोलीस चौकीत टेबलामागं इन्स्पेक्टर तनुजा मॅडम बसल्या होत्या. समोर वही, पाटी, स्टॉपवॉच आणि बॅग. मॅडमनी वही उघडून, आवाज न चढवता, वाचायला सुरुवात केली.

"'जवान ओळखपत्र डाव्या हाताने घेतो. उजव्या हातात बदलतो. चेहरा पाहतो. परत देतो. सरासरी एकोणीस सेकंद. पैकी तीन सेकंद हात बदलण्यात वाया.' हे तुम्ही लिहिलंय?"

"हो. अक्षर माझंच आहे."

"'सात वाजून बारा मिनिटांनी पाळी बदलते. रांग चार मिनिटं थांबते.' हे कशासाठी?"

"म्हणजे त्याआधी रांगेत शिरायला हवं."

"कुणी?"

"मी."

"आणि आत शिरून काय करणार?"

"जळगावला जाणार."

मॅडमनी वही मिटली. "हे काम करायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

"कुणी नाही. मी निवृत्त आहे."

हे उत्तर मॅडमना सगळ्यात संशयास्पद वाटलं असावं. त्यांनी बॅगेची चेन ओढली. रद्दीच्या थरातून वरवंटा बाहेर आला आणि टेबलावर धप्पकन बसला. चौकीतले दोन हवालदार जवळ येऊन बघू लागले.

"हे काय आहे?"

"वरवंटा."

"तो दिसतोय मला. विमानतळावर कशाला आणलात?"

"वजनासाठी."

"आणि पाटा?"

"पाटा घरी आहे. तो घेतला असता तर सात किलोच्या वर गेलं असतं."

एक हवालदार तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. श्यामसुंदररावांचे कान तापले. चौतीस वर्षांत कामगारांनी त्यांना शिव्या दिल्या असतील, युनियनवाल्यांनी घेराव घातला असेल, पण त्यांच्या नोंदींना कुणी हसलं नव्हतं. त्यांनी ताठ बसून, भाचीचं लग्न, मुहूर्त, मामाचं काम, सगळं पहिल्यापासून सांगितलं. उसाचा ट्रक मात्र गाळला.

"लग्न खरंच आहे का, एवढं विचारून घेते," मॅडम म्हणाल्या. "बहिणीचा नंबर द्या."

त्यांनी फोन स्पीकरवर लावला. पलीकडून भांड्यांचा आवाज, कुणीतरी 'केळी कुठं ठेवू' विचारत होतं, आणि मग ताई.

"नमस्कार. मी पुण्याहून पोलीस इन्स्पेक्टर बोलतेय. श्यामसुंदर खांबेटे तुमचे कोण?"

"भाऊ. का हो?"

"ते आत्ता आमच्या चौकीत आहेत."

अपघात झाला का, लागलं का, काय केलं त्यानं, यातलं काहीही ताईंनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे या वेळीही येत नाहीये का तो?"

बाहेर गेलेला हवालदार दारातच थबकला. श्यामसुंदरराव फोनकडे वाकून, जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले, "ताई, मी येतोय. रविवारी येतोय मी."

"बरं," ताई म्हणाल्या. "बघ, जमलं तर." आणि फोन ठेवला.

मॅडमनी आपल्यासमोरचा पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. तेवढ्यात संपतराव पांढऱ्या कपड्यांत, गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत आत आले. शोधत शोधत त्यांना पाऊण तास झाला होता.

"म्याडम, ह्यो मानूस आमच्या सोसायटीतला हाय," ते म्हणाले. "लई सज्जन. लिफ्ट खालनं वर किती टायमात येती त्ये बी लिवून ठिवतो. त्याच्यापास्नं धोका हाय, पर फकस्त आमाला."

सुटका झाली, पण कागदावाचून नाही. हमीपत्र हवं, जामीनदार हवा, दोघांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स हव्यात आणि दोन फोटो हवेत. झेरॉक्सच्या दुकानात वीज नव्हती. फोटोवाल्यानं सांगितलं, चष्मा काढा, आणि चौकीत सांगितलं, फोटोतला माणूस चष्म्याशिवाय ओळखू येत नाही. दुसऱ्यांदा फोटो काढून आल्यावर हमीपत्र लिहिलं गेलं: 'मी यापुढे विमानतळाच्या परिसरात उभा राहून कोणत्याही व्यक्तीच्या, यंत्राच्या अथवा रांगेच्या वेळेचे मोजमाप करणार नाही.' खाली संपतरावांची जामीनदार म्हणून ऐसपैस सही.

"प्रवासाच्या दिवशीही नाही?" श्यामसुंदररावांनी विचारलं.

"प्रवासाच्या दिवशी मनातल्या मनात मोजा," मॅडम म्हणाल्या. "आणि काका, तिकडं वेळेवर पोचा."

वही, पाटी, स्टॉपवॉच परत मिळालं. वरवंट्याची मात्र पंचनाम्यात नोंद झाली होती, त्यामुळं तो वेगळा अर्ज केल्याशिवाय मिळणार नव्हता. घरी हेमानं सगळी हकिकत शांतपणे ऐकून घेतली, नवऱ्याच्या अब्रूबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि शेवटी विचारलं, "सासूबाईंचा वरवंटा होता तो. आता चटणी काय चौकीत जाऊन वाटू?" श्यामसुंदररावांनी मुकाट्यानं अर्ज लिहायला घेतला.

पुढचे दिवस फार वाईट गेले. दहातली चारच निरीक्षणं हाती होती, आणि त्यांतही संपतरावांचं कुंपण. चार नोंदींवरून प्रमाणवेळ काढणं त्यांच्या बुद्धीला पटेना. त्यात आणखी एक किडा डोक्यात शिरला. चौकीत आपलं नाव लागलंय, तर दारात अडवलं तर? गुरुवारी हेमा गेल्यावर घर रिकामं झालं आणि झोपही गेली. डोळे मिटले की ताईंचा आवाज यायचा, "या वेळीही येत नाहीये का तो?" थकव्याचा भत्ता कामगाराला बारा टक्के देत असत. श्यामसुंदररावांनी स्वतःला तीनशे टक्के दिला आणि नऊ दहाच्या विमानासाठी रविवारी पहाटे चारला घर सोडलं. अडतीस मिनिटांत पोचले. विमानाला साडेचार तास होते.

दारात ओळखपत्रं तपासणारा तोच जवान. "फिर आ गए, अंकल?"

"आज टिकट है," श्यामसुंदरराव म्हणाले. त्यांनी तिकीट, आधार कार्ड आणि हमीपत्राची प्रत, तिन्ही पुढं केली.

जवानानं हमीपत्राकडे बघितलंही नाही. आधार कार्ड थेट उजव्या हातानं घेतलं, चेहरा पाहिला, परत दिलं. "जाइए। शादी मुबारक।"

मनातल्या मनात सोळा सेकंद. तीन सेकंद वाचले होते! श्यामसुंदररावांना एकदम भरून आलं. चौतीस वर्षांत त्यांच्या सूचना अमलात यायला सरासरी सहा महिने लागत.

विमान लहानसं, पंख्याचं होतं. पहिल्यांदाच बसत होते, पण खिडकीतून फार बघणं झालं नाही, कारण लक्ष घड्याळात होतं. चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंत अठ्ठावन्न मिनिटं. तिकिटावर एक तास दहा. आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चाळीस मिनिटं ही नुसती सरळ रेषेची, कागदावरची वेळ. विमानाला चढायचं असतं, वळायचं असतं, उतरायच्या रांगेत थांबायचं असतं. वर बारा मिनिटं कुणीतरी भत्ता धरला होता. म्हणजे विमानाच्या धंद्यातही कुठंतरी एक खांबेटे बसला होता, आणि त्याची वही लोक वाचत होते. हवाई सुंदरीनं दिलेलं पाणी त्यांनी मोठ्या समाधानानं प्यायलं.

पावणेअकराला ते कार्यालयाच्या दारात उभे होते. ताई हातात तांदळाचं ताट घेऊन घाईनं चालल्या होत्या. थांबल्या.

"आलास?"

"आलो."

"एवढ्यात?" त्या बघतच राहिल्या. आणखी काही बोलणार होत्या, पण कुणीतरी 'अक्षता कुठायत' म्हणून ओरडलं आणि त्या गेल्या. हेमानं श्यामसुंदररावांना रुखवताशेजारच्या खोलीत गादीवर बसवलं. "इथंच बसा. कुठं हलू नका. काही मोजू नका."

बारा एकतीस झाले. मुहूर्ताला मामा हजर, मुलगी हजर, गुरुजी हजर. नवरदेव नव्हता. वरात बाराला पेट्रोल पंपापासून निघाली होती आणि पलीकडच्या रस्त्यावर नाचत होती. पेट्रोल पंपापासून कार्यालयापर्यंत अंतर तीनशे मीटर. श्यामसुंदररावांनी हेमाची आज्ञा मोडली आणि बाहेर जाऊन पाहिलं. एक वाजता वरात पानटपरीपर्यंत आली होती, म्हणजे एकशेदहा मीटर. जेवढ्या वेळात ते पुण्याहून जळगावला आले, तेवढ्या वेळात नवरदेव पेट्रोल पंपावरून पानटपरीला पोचला होता. आणि घोड्यापुढं सगळ्यात जोरात कोण नाचत होतं? नवरदेवाचा मामा!

हे मात्र श्यामसुंदररावांना सहन झालं नाही. मामा या पदाची काही प्रतिष्ठा असते. ते गर्दीत शिरले, घड्याळ वर धरलं आणि ओरडले, "अहो, मुहूर्त टळला! एकोणतीस मिनिटं उशीर झालाय!" ढोलांमध्ये त्यांचं घड्याळ तेवढं दिसलं, शब्द ऐकू गेले नाहीत. "मुलीचे मामा आले!" असा एकच गलका झाला. दोघांनी त्यांना दोन्ही हातांना धरलं, एकानं डोक्यावर फेटा चढवला, आणि पुणेकर श्यामसुंदर खांबेटे, वय साठ, यांना भर रस्त्यात तीन गाणी नाचावं लागलं. चौथ्या गाण्याला ते निसटले. खोलीत परत आले तेव्हा फेटा कानावर आला होता. वरातीचा उरलेला वेग पाहता अजून तासभर तरी निश्चित होता. पाच मिनिटं टेकावं, असं म्हणून ते गादीवर आडवे झाले.

"मामा! मामा, ऊठ ना!"

डोळे उघडले तर समोर पिवळी साडी, मुंडावळ्या आणि हिरव्या बांगड्यांनी भरलेला हात. अवनी वाकून त्यांना हलवत होती.

"काय झालं?"

"गुरुजी माइकवरून तीनदा ओरडले. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

श्यामसुंदरराव ताडकन उठून बसले. विमान गाठलं, रांग गाठली, चौकीतून सुटलो, आणि झोपलो! "मग? मग काय केलं? लागलं लग्न? कोण उभं राहिलं?"

"कोण उभं राहणार? सगळे तुझ्यासाठी थांबलेत."

"ताई काय म्हणाली?"

"कुणीतरी म्हणालं, दुसऱ्या कुणाला तरी उभं करा. आई म्हणाली, माझा भाऊ आलाय. इथंच आहे. तो सापडल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत. मग म्हटलं, मीच बघते." आणि तिनं हात पुढं केला. "चल आता."

त्या दिवशी जळगावच्या त्या कार्यालयात मामानं मुलीला आणलं नाही, मुलीनंच मामाला आणलं. चारशे माणसं माना वळवून बघत होती. श्यामसुंदररावांच्या गालावर गादीच्या शिवणीचा वळ उठला होता, केस एका बाजूला उभे होते, आणि लाजेनं त्यांना मान वर करवत नव्हती. आता ताई काय बोलणार, याच्या भीतीनं ते अंतरपाटापाशी पोचले.

ताई पुढं आल्या. ओल्या तळव्यानं त्यांचे केस नीट चापून बसवले. लहानपणी शाळेत पाठवताना बसवायच्या तसेच.

"झाली का झोप?"

"हो."

"मग उभा राहा तिच्या मागं. सरळ."

गुरुजींनी घसा साफ केला. श्यामसुंदररावांनी अवनीच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले, आणि तेवढ्यात फोटोवाला गुडघ्यावर बसत वैतागून म्हणाला, "मामा, जरा मागं सरका ना. दर फोटोत तुम्हीच मधे येताय."

ते चटकन मागं झाले. ताईंनी त्यांचा दंड धरून त्यांना पुन्हा पुढं ओढलं. ताईंचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र नेहमीसारखाच कडक होता.

"येऊ दे त्याला मधे," त्या फोटोवाल्याला म्हणाल्या. "चौदा वर्षं वाट बघितलीय मी."